खालची ओळ

बारीकरावांना गल्लीत सगळे बारीकराव म्हणत, ते अंगकाठीवरून नव्हे. अंगाने ते चांगले भरलेले होते. पण जन्म चष्म्याच्या दुकानात गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीतली केसाएवढी खोट दिसायची आणि ती बोलून दाखवल्याशिवाय घास गोड लागायचा नाही. एकदा एका ओळखीच्या गृहस्थांच्या अंत्यदर्शनाला गेले असता त्यांनी सगळ्यांदेखत पुढे होऊन मयताच्या नाकावरचा चष्मा सरळ केला. आता त्यांना काय फरक पडतो, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. बारीकरावांनी वळून एवढंच सांगितलं की फ्रेम आपल्या दुकानातली आहे.

अशा काटेकोर माणसाचा सगळ्या गोष्टींना मिळून पासवर्ड मात्र एकच होता, आणि तो म्हणजे दुकानाचं नाव. हे नाव दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत, मागे दिवा लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलेलं होतं. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. मग शेजारच्या कॅशियरकाकांचं प्रकरण झालं. एका सकाळी सगळ्या ओळखीच्या लोकांना काकांच्या नावाने मेल आला. आपण परदेशातल्या एका इस्पितळात पडून आहोत, डावा पाय कापावा लागणार आहे, त्याआधी दोन शब्द बोलायचे आहेत, तरी सोबतच्या लिंकवर यावं, असं त्यात होतं. बारीकरावांनी हे वाचलं तेव्हा काका त्यांच्यासमोर दोन्ही पायांवर उभे राहून चष्म्याची दांडी घट्ट करून घेत होते. दोघांनी मेल पुन्हा वाचला. लिहिणाऱ्याला काकांच्या मुलाचं घरातलं लाडाचं नावसुद्धा ठाऊक होतं. काकांनी नकळत डावा पाय चाचपून पाहिला, आणि पुढे आठवडाभर ते थोडे लंगडत होते.

बारीकरावांची मुलगी लांबच्या शहरात संगणकाचं काम करते. तिला हे कळल्यावर तिने फोनवरून वडिलांची हजेरी घेतली. "बाबा, घराला, दुकानाला आणि कपाटाला तुझी एकच किल्ली, आणि ती तू दारावर टांगून ठेवली आहेस." मग तिने त्यांच्या फोनवर एक तिजोरी घालून दिली. लोखंडी नव्हे, ॲपची. प्रत्येक ठिकाणासाठी ही तिजोरी स्वतःच वेगळा, अगडबंब, अर्थ नसलेला पासवर्ड तयार करायची आणि जपून ठेवायची. माणसाने लक्षात ठेवायचा तो फक्त एक, तिजोरी उघडण्याचा.

पण बारीकराव ते बारीकराव. त्यांनी विचारलं, हा एक शब्द तिजोरीच्या कंपनीतल्याच कोणी वाचला तर? मुलगी म्हणाली, त्यांच्याकडे तो जातच नाही. तू शब्द टाकलास की तुझ्याच फोनवर त्याचं पीठ होतं. आधी त्यात मीठ घालतात, प्रत्येकाचं निराळं, म्हणजे दोघांचा शब्द एकच निघाला तरी पीठ वेगळं दिसावं. मग ते पुन्हा पुन्हा दळतात, हजारो वेळा. त्या पिठातून किल्ली तयार होते. कंपनीकडे फक्त कुलूप लावलेलं गाठोडं.

"मग मी बरोबर शब्द टाकला हे तिजोरीला कळतं कसं?"

"टाकलेला शब्द पुन्हा तसाच दळते. किल्ली लागली तर तो तू."

"आणि पिठावरून शब्द काढता येत नाही?"

"पिठाचे गहू होतात का, बाबा?"

"म्हणजे तिला ओळखता येतं, पण सांगता येत नाही," बारीकराव म्हणाले. मुलगी हो म्हणाली. हे वाक्य आपण स्वतःच बोललो आणि आपल्यालाच ते आवडलं नाही, असं त्यांना वाटलं. का आवडलं नाही हे त्या वेळी कळलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. मुलीने घालून दिलेल्या तात्पुरत्या शब्दातलं मुद्दाम एक अक्षर चुकवून बघितलं तर तिजोरी नुसतं "चूक" म्हणायची. कुठलं अक्षर चुकलं ते काही सांगेना. हा त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने उद्धटपणा होता. पेशंट अक्षर चुकला की आपण त्याला तिथेच थांबवतो, पुन्हा बघा म्हणतो, अशी माणुसकीची रीत आहे. त्यावर मुलगी हसली. तसं एकेक अक्षराला बरोबर-चूक सांगत बसलं, तर चोर चाचपत चाचपत दुपारभरात आत येईल. म्हणून सबंध शब्द तरी बरोबर, नाहीतर सबंध शब्द चूक. शब्द लांब हवा, त्याला काही अर्थ नसावा, आणि तो कुठे लिहून ठेवायचा नाही, असं बजावून तिने फोन ठेवला.

अर्थ नसलेला लांब शब्द कुठून आणायचा, या विचारात बारीकराव डोळे तपासायच्या खोलीत गेले आणि त्यांना तो भिंतीवर टांगलेला दिसला.

ही खोली दुकानाच्या मागे होती. काळा पडदा सारून आत जायचं. खोली अरुंद होती आणि तपासणीला लागतं तेवढं अंतर तिच्यात मिळत नव्हतं, म्हणून त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, दुकान काढलं तेव्हाच समोरच्या भिंतीवर मोठा आरसा बसवला होता. अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे, आणि पेशंटने वाचायचं आरशात. आरशात सगळं उलटं दिसतं म्हणून तक्त्यावरची अक्षरं उलटी काढलेली. असा तक्ता विकत मिळेना, तेव्हा अण्णांनी लाकडी फळीवर स्वतःच्या हाताने तो रंगवला. वरती एकच ढब्बू अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी, आणि सगळ्यात खालच्या ओळीत फळी संपेपर्यंत मुंगीएवढी अक्षरं: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, एकमेकांसारखी दिसणारी मुद्दाम शेजारीशेजारी. अंधारात खुर्चीवर बसलं की आरशात आपणच आपल्याला दिसायचो, आणि आपल्या डोक्यावर ही अक्षरं लटकलेली असायची. लहान मुलं इथे हमखास रडत.

बारीकरावांनी ती खालची ओळ आरशात बघून बघून तिजोरीत टाकली. अडीअडचणीला म्हणून एक तातडीचा कोड घेऊन ठेवायचा का, असं तिजोरीने विचारलं. त्यांनी "नको" दाबलं. पासवर्ड भिंतीवर असताना दुसरी तरतूद करणं म्हणजे अण्णांच्या हस्ताक्षरावर अविश्वास दाखवण्यासारखं होतं.

पुढचे काही दिवस त्यांना मनातून फार हुशार वाटत होतं. मग हळूहळू वेगळंच काही वाटायला लागलं. पडदा ओढून ते पेशंटला सांगत, "खालची ओळ वाचा," आणि अंधारात तो अनोळखी माणूस त्यांचा पासवर्ड मोठ्याने म्हणायला लागे. शाळेतली बाई म्हणायची, बसचा कंडक्टर म्हणायचा, दाढीवाला एक मनुष्य तर फार सावकाश, प्रत्येक अक्षर चघळत म्हणायचा. प्रत्येक जण कुठेतरी चुकायचा, आणि चुकला की बारीकरावांचा जीव भांड्यात पडायचा. डोळे खराब असलेल्या पेशंटविषयी त्यांना एकाएकी माया वाटायला लागली. एकदा एका बाईंनी जवळजवळ सगळी ओळ बरोबर वाचत आणली तेव्हा त्यांनी मधेच दिवा लावला.

आता त्या तिजोरीत काय होतं ते सांगायला हवं, कारण नुसते पासवर्ड असते तर पुढचं एवढं लागलं नसतं. अण्णांना तेव्हा नुकतं विसरायला व्हायला लागलं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी पुढचं सगळं स्पष्ट सांगून टाकलं. म्हणून बारीकरावांनी रोज संध्याकाळी समोर फोनवर रेकॉर्डिंग लावून अण्णांना बोलतं केलं होतं. दुकान कसं काढलं, तक्ता कसा रंगवला, पहिला पेशंट पैसे न देता कसा पळाला आणि जाताना फ्रेम घालून कसा गेला. मधूनमधून अण्णा म्हणत, "काजव्या, ऐकतोयस ना?" काजवा म्हणजे बारीकराव. लहानपणी ते तपासायच्या खोलीत बॅटरी घेऊन लपायचे आणि अंधारात तिची उघडझाप करायचे. "काजव्या, दिवा बंद कर, पेशंट आलाय," अशी अण्णांची हाक पडदा ओलांडून गल्लीत जायची. या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

जे जपायचं ते तिजोरीत, या न्यायाने ते सगळं बोलणं बारीकरावांनी तिजोरीत ठेवलं. आणि काटेकोरपणाने, बाहेरची प्रत पुसून टाकली.

वर्षभरात अण्णा त्यांना "अहो दुकानदार" म्हणायला लागले. सभ्यपणे, जरा परकेपणाने. जेवताना बारीकराव विचारायचे, "अण्णा, मी कोण?" अण्णा थोडा विचार करून म्हणायचे, "आपण खाली दुकान चालवता ना?" चूक म्हणता येत नव्हतं.

याच सुमारास परवाना कार्यालयातून एक तपासनीस आले. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, आरशातल्या स्वतःकडे पाहिलं आणि भांग नीट केला. हाताने रंगवलेला तक्ता नियमात बसत नाही, दिव्याचा, प्रमाणित तक्ता लावावा लागेल, नाहीतर परवाना पुढे चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बारीकरावांनी अर्ज केला, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी पहिल्याच टेबलावर येऊन नामंजूर झाला. तिथल्या कारकुनाचा चष्मा डाव्या बाजूला कलला होता. बारीकरावांनी तो जागेवर नीट करून दिला. अर्ज नामंजूरच राहिला.

नवा तक्ता आरशाखाली बसला. बटण दाबलं की त्यावर दर वेळी नवी अक्षरं यायची. जुनी फळी उतरवली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला, आणि कामावाचून उरलेल्या आरशात दिवसभर तो चौकोनच दिसत राहिला. तिजोरी तेव्हा त्यांच्या बोटाच्या ठशावर उघडत असे, त्यामुळे खालच्या ओळीची आठवण कोणाला होती?

ती झाली फोन बुडाल्यावर. काच घासायच्या यंत्राखाली पाण्याची बादली असते. बारीकराव एका गिऱ्हाइकाला, फोन वरच्या खिशात ठेवू नये, वाकलं की पडतो, असं समजावत होते. तो कसा पडतो हे दाखवायला वाकले.

नव्या फोनवर तिजोरी आली, पण ती बोट ओळखेना. तिने मूळ शब्द मागितला. बारीकराव हसत हसत उठले, पडदा सारून आत गेले, आरशात पाहिलं, आणि तिथे फिकट चौकोन होता.

"अगं, ती जुनी फळी कुठे आहे?" त्यांनी जिन्यातून वर हाक दिली.

"बाहेर टांगली आहे की," बायको म्हणाली.

झालं होतं ते असं. दुकान दुपारी बंद असतं याची पाटी हवी, असं बारीकरावच कधीपासून म्हणत होते. चांगली फळी वाया कशाला घालवायची म्हणून बायकोने ती पेंटरला दिली. त्याने तिच्यावर पांढरा हात मारला आणि झोकदार अक्षरांत लिहिलं, "दुपारी बंद." महिनाभर बारीकराव स्वतःच्या हाताने ती पाटी लावत आणि काढत होते. "दुपारी"चा उकार जरा खाली गेला आहे, एवढीच खोड त्यांनी काढली होती.

त्यांनी खाली बसून आठवायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओळ पाठ नव्हती. समोर टांगलेली गोष्ट कोण पाठ करतो? अण्णा तक्त्याकडे न बघता तपासायचे, त्यांना तक्ता तोंडपाठ होता; बारीकराव मात्र नेहमी आरशात बघून पडताळत. आणि कानात भरलं होतं ते फक्त पेशंटचं चुकीचं वाचन. इतकी वर्षं त्यांनी लक्ष देऊन ऐकल्या होत्या त्या चुकाच. शाळेतली बाई, कंडक्टर, दाढीवाला, सगळे एकदम डोक्यात बोलायला लागले, प्रत्येक जण आपापली खालची ओळ घेऊन. बारीकरावांनी जे जमेल ते टाकून पाहिलं. तिजोरी दर वेळी शांतपणे "चूक" म्हणाली. मग म्हणाली, थोडा वेळ थांबा. मग म्हणाली, आणखी थांबा.

त्यांनी कंपनीला लिहिलं. उत्तर फार अदबीने आलं. "आम्हाला आपला पासवर्ड ठाऊक नाही. तो आम्हाला कधीच ठाऊक नव्हता." हे वाचून त्यांच्या अंगावर काटा आला. माणसाने नातं तोडतानाच असं बोलावं. त्यांनी बायकोला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, अण्णांना विचारा. विचारलं होतं. अण्णांनी आमटीची वाटी खाली ठेवून विचारलं होतं, "कसली ओळ?"

मग सल्ले सुरू झाले. बाकीच्या ठिकाणचे पासवर्ड कॅशियरकाकांच्या देखरेखीखाली एकेक करून बदलून झाले, त्यात नाकी नऊ आले, पण झाले. तिजोरीतलं बोलणं मात्र तिजोरीतच. काका म्हणाले, जुन्या पेशंटना विचारा, कोणाला तरी ओळ आठवत असेल. बारीकरावांनी फोन केले. वरचं ढब्बू अक्षर सगळ्यांना आठवत होतं. खालची ओळ कोणालाच नाही, आणि याचं कारण ध्यानात आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला: ज्याला खालची ओळ दिसते तो चष्म्याच्या दुकानात येतो कशाला?

बायकोच्या मैत्रिणीने एका संमोहनवाल्याचा पत्ता दिला. त्याने बारीकरावांना मंद दिव्यात आडवं करून माझ्या डोळ्यांत बघा म्हटलं. बारीकरावांनी बघितलं आणि तुमचा उजव्या डोळ्याचा नंबर वाढला आहे असं सांगितलं. तो बुधवारी येऊन चष्मा करून गेला.

शेवटी पेंटरला बोलावलं. वरचा रंग तेवढा काढून खालचा ठेवायचा, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, दोन्ही तेलाचेच, आता एकजीव झाले असतील, पण बघतो. फळी उन्हात तिरपी धरली की पांढऱ्या रंगाखाली ती मुंगीएवढी अक्षरं उंचवट्यासारखी जाणवत होती. दिसत नव्हती, फक्त आहेत एवढं कळत होतं. बारीकरावांनी डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवलं. पेंटरने घासकागद फिरवला. आधी "दुपारी" गेलं, मग पांढरं गेलं, आणि पांढऱ्याबरोबर खालची ओळही भुकटी होऊन फरशीवर पडली. उरलं कोरं लाकूड. बारीकराव त्या भुकटीकडे बघत राहिले. पेंटरने विचारलं, मग आता परत "दुपारी बंद" लिहू का? लिही म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी कोणाची खोड काढणं सोडलं. गल्लीतल्या लोकांना हे बघवेना. औषधवाल्याने मुद्दाम चष्मा तिरका घालून त्यांच्यासमोर फेऱ्या मारल्या, पण बारीकराव सरळ मान ठेवून बोलले. अण्णांचा आवाज वर घरात होता, रोज ऐकू येत होता, पण तो आवाज त्यांना दुकानदार म्हणत होता. दुसरा आवाज, काजव्या म्हणणारा, खिशातल्या फोनमध्ये होता, कोणी म्हणून कोणी तो काढू शकत नव्हतं. बाप जिवंत असताना आपण पोरके झालो असं त्यांना वाटे आणि हे बायकोलाही सांगता येत नसे.

अशाच एका दुपारी पाटी लावून, रस्त्याकडच्या दाराला आतून कडी घालून ते जिना चढणार, तोच मागून आवाज आला.

"खालची ओळ वाचा."

आवाज काळ्या पडद्यामागून आला होता. बारीकराव जागच्या जागी थिजले. मग, एखाद्याला अक्षर लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, काहीच नाही.

"बरोबर. पुढे."

पुन्हा शांतता. वाचणाऱ्याचा आवाज काही येईना.

"नाही. नीट बघा. घाई नाही."

बारीकरावांनी दाराची कडी बघितली. घातलेलीच होती. पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत त्यांनी पडदा बाजूला केला. अण्णा डोळे तपासणाऱ्याच्या स्टुलावर ताठ बसले होते, घरातल्या सदऱ्यात, आतल्या जिन्याने कधी उतरून आले होते कोण जाणे. समोर पेशंटची खुर्ची. खुर्ची रिकामी होती. आरशात अण्णा होते, ती खुर्ची होती आणि तिच्यावर तो फिकट चौकोन.

"अण्णा, कोणाशी बोलताय?"

"जरा थांबा. पेशंट आहे." मग खुर्चीकडे वळून अण्णा म्हणाले, "झालं तुमचं. बाहेर बसा." आणि कोणीतरी उठून पडद्याकडे चालत जावं तशी त्यांची नजर खुर्चीपासून बारीकरावांपर्यंत हळूहळू सरकत आली. बारीकराव अंग चोरून बाजूला झाले आणि त्यांनी वाट दिली. नंतर या गोष्टीची त्यांना फार लाज वाटली, पण त्या क्षणी तेच शिष्टाचाराला धरून होतं.

"हं, या तुम्ही," अण्णा म्हणाले.

बारीकराव बसले. खुर्ची गार नव्हती. आधी अण्णाच इथे बसले असणार, असं त्यांनी ठरवलं आणि त्या विचाराला घट्ट धरून ठेवलं. अण्णांनी त्यांचा चष्मा काढून ठेवला आणि डाव्या डोळ्यावर तळहात धरला. हात कोरडा, हलका आणि अगदी स्थिर होता.

"खालची ओळ. तुमच्या आधी होते त्यांना शेवटपर्यंत दिसत होती."

"अण्णा, काय आहे खालच्या ओळीत? तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर तपासणी कसली? वाचा."

बारीकरावांनी आरशात बघितलं. चष्म्यावाचून चौकोनही धड दिसत नव्हता. त्यांनी मनाशी धरून एक अक्षर म्हटलं. "ध."

"नाही."

"घ."

"बरोबर. पुढे."

मुलीचं बोलणं बारीकरावांना आठवलं. एकेक अक्षराला बरोबर-चूक सांगणारी तिजोरी दुपारभरात उघडते, आणि तशी जगातली एकुलती एक तिजोरी त्यांच्या डोळ्यावर हात धरून बसली होती. त्यांनी खिशातून फोन काढला. उजेड पडताच अण्णा कडक आवाजात म्हणाले, "दिवा बंद करा. पेशंटने दिवा आणू नये." मग बारीकरावांनी फोन सदऱ्याच्या आत घेतला, आणि स्वतःच्या पोटाकडे बघत, नाक फोनला टेकवून, बरोबर ठरलेलं प्रत्येक अक्षर चाचपत टाकत गेले. भ. नाही. म. बरोबर. व. बरोबर. ब. नाही, नीट बघा. आपण आपल्याच बापाच्या घरात चोरासारखे शिरतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि असा आनंदही त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता. किती वेळ गेला ते दोघांनाही कळलं नाही.

"संपली ओळ," शेवटी अण्णा म्हणाले आणि हात काढला. "डोळे उत्तम आहेत. चष्मा लागणार नाही. उगाच आलात."

सदऱ्याच्या आत फोनवर गोल चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि तिजोरी उघडली.

बारीकरावांनी पहिलंच रेकॉर्डिंग लावलं. अंधारात अण्णा हसले, पण स्टुलावरचे नव्हे. फोनमधले. पहिल्या पेशंटची गोष्ट, तो फ्रेम घालून पळाला ती. "काजव्या, ऐकतोयस ना?" आवाज म्हणाला. स्टुलावरचे अण्णा मान कलती करून ऐकत होते.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, अण्णा."

"छे. हे फार बोलतात."

बारीकरावांनी फोन बंद केला. इतके महिने जे हवं होतं ते हातात आलं होतं आणि समोरचा माणूस तेवढाच लांब राहिला होता. खोलीत पुन्हा काळोख झाला. आरशात दोन अंधुक आकृत्या बसल्या होत्या, त्यांतली कोणती कोण तेही चष्म्यावाचून कळत नव्हतं. रोज जेवताना विचारायचे तेच त्यांनी विचारलं, पण या वेळी उत्तराची आशा न धरता.

"अण्णा, मी कोण?"

"ते मी सांगायचं नसतं," अण्णा स्टुलावरून म्हणाले. "तुम्ही वाचा."

बारीकरावांनी आरशात बघितलं. आणि तिथे लिहिलेलंच असावं तसं, सावकाश, पेशंटच्या आवाजात वाचलं.

"काजवा."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. ते चक्र फिरताना लागतो तेवढा वेळ, किंवा त्याहूनही जास्त.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "पुढे."

पुढचं बारीकरावांना दिसेना. डोळ्यांत पाणी आलं की खालच्या ओळीचं असंच होतं.

"घाई नाही," अण्णा म्हणाले.